दूरच्या माणसाचे अर्थशास्त्र : अ‍ॅडम स्मिथची ओळख

प्रस्तावना

१ मार्च १७७६ रोजी पेशव्यांचे कारभारी आणि कलकत्त्याहून आलेला कर्नल अप्टन यांच्यात पुरंदरचा तह झाला. पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या राघोबादादांची बाजू इंग्रजांनी सोडायची असे ठरले. साष्टी मात्र त्यांनी हातची जाऊ दिली नाही. मुंबईकर इंग्रजांना हा तह मुळीच रुचला नाही. आदल्या वर्षी सुरतेला त्यांनी राघोबादादांशी परस्पर करार करून युद्ध ओढवून घेतले होते. तो करार कलकत्त्याच्या वरिष्ठांनी मोडीत काढला होता. लंडनला बसलेल्या संचालकांचे मत काय, हे कळायला तर महिनोन्‌महिने जहाजाची वाट पाहावी लागे. ईस्ट इंडिया ही व्यापारी कंपनी एकच, पण तिची तीन तोंडे तीन ठिकाणी बोलत होती आणि त्या बोलण्यावर मराठी मुलखातली युद्धे आणि तह ठरत होते.

त्याच महिन्याच्या ९ तारखेला लंडनमध्ये दोन जाडजूड खंडांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. किंमत एक पौंड सोळा शिलिंग. लेखक होता ग्लासगो विद्यापीठातला एक माजी प्राध्यापक, अ‍ॅडम स्मिथ. ग्रंथ ‘वेल्थ ऑफ नेशन्स’. त्यात पुरंदरचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. मात्र व्यापाऱ्यांच्या कंपनीच्या हाती राज्य आले म्हणजे व्यापाराचे काय होते आणि राज्याचे काय होते, याची त्या काळातली सर्वांत परखड मीमांसा त्यात होती.

स्मिथचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला ते भेटते. सोबत टाचण्यांचा कारखाना येतो, ‘अदृश्य हात’ येतो आणि परीक्षा झाली की तिघेही मागे पडतात. पुढे वर्तमानपत्री वादांत स्मिथ पुन्हा दिसतो तो बाजाराचा कैवारी किंवा स्वार्थाचा पुरस्कर्ता म्हणून. पुढील पानांत त्याच्या दोन्ही ग्रंथांतले निवडक भाग एकत्र दिले आहेत, ते या दोन ओळखींच्या पलीकडचा माणूस दिसावा म्हणून. त्याच्या विचारांत शिरायला वाटा अनेक आहेत. मी इथे एकच धरणार आहे, ती म्हणजे अंतराची. जो डोळ्यांसमोर नाही, ज्याची आपली ओळखदेख नाही, अशा माणसाशी आपण केव्हा नीट वागतो आणि केव्हा वागत नाही, हा प्रश्न स्मिथच्या नीतिशास्त्रात आहे, अर्थशास्त्रात आहे आणि हिंदुस्थानाविषयी त्याने जे लिहिले त्यात तर तो धगधगतो आहे.

स्मिथचा जन्म १७२३ सालचा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या किर्ककॉल्डी या लहानशा बंदरातला. वडील तिथल्या जकात खात्यात अधिकारी होते. मुलगा जन्माला येण्यापूर्वीच ते वारले. आई मार्गारेट डग्लस हिने त्याला वाढवले. तो अविवाहित राहिला आणि १७८४ मध्ये आई जाईपर्यंत बराच काळ तिच्याच सहवासात राहिला. चौदाव्या वर्षी तो ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला. तिथे फ्रान्सिस हचसन हे नीतिशास्त्राचे अध्यापक त्याला लाभले. पुढे शिष्यवृत्तीवर तो ऑक्सफर्डच्या बॅलिऑल कॉलेजात गेला आणि १७४० ते १७४६ अशी सहा वर्षे राहिला. ऑक्सफर्डचे बरेचसे प्राध्यापक शिकवण्याचे सोंग करणेही विसरले आहेत, असे त्याने नंतर लिहिले. कारणही दिले. प्राध्यापकाला ठरावीक पगार मिळतो, विद्यार्थ्याच्या समाधानावर त्याचे काहीच अवलंबून नसते. ग्लासगोत निम्मीअधिक गोष्ट उलटी होती: विद्यार्थी आपापल्या अध्यापकाला फी देत. १७६४ साली सत्र अर्ध्यावर असताना स्मिथला नोकरी सोडावी लागली, तेव्हा तो विद्यार्थ्यांची फी परत करू लागला आणि विद्यार्थी ती घेईनात. ऑक्सफर्डवर टीका करणारा स्वतःच्या बाबतीत हिशेबाला किती पक्का होता, हे यावरून कळते.

ग्लासगोत तो १७५१ मध्ये तर्कशास्त्राचा आणि पुढल्याच वर्षी नीतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्या काळी अर्थशास्त्र नावाचे वेगळे शास्त्र नव्हते. धर्मचिंतन, नीती, न्याय आणि शेवटी राज्याची समृद्धी असा एकाच व्याख्यानमालेचा प्रवाह होता. वर्गाबाहेरचे शहर झपाट्याने बदलत होते. अमेरिकेच्या तंबाखूने ग्लासगोचे व्यापारी गबर झाले होते. स्मिथ त्यांच्या मंडळात बसे, त्यांचे हिशेब ऐके. जेम्स वॅटला विद्यापीठाने आपल्या आवारात कार्यशाळा थाटू दिली होती. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम हा त्याचा सर्वांत जवळचा मित्र झाला. अशा वातावरणात १७५९ मध्ये स्मिथचा पहिला ग्रंथ आला, ‘द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’. युरोपभर नाव झाले ते याच ग्रंथाने.

त्याची सुरुवात एका निरीक्षणापासून होते. माणूस कितीही स्वार्थी मानला तरी दुसऱ्याच्या सुखदुःखाने तो हलतो. मात्र दुसऱ्याचे दुःख आपल्याला थेट जाणवत नाही; कल्पनेने त्याच्या जागी उभे राहावे लागते. समोरचाही आपल्याकडे असाच बाहेरून पाहतो आहे, त्याला आपला राग किंवा शोक आपल्याइतका झेपणार नाही, हे ओळखून आपण तो आवरतो. लहानपणापासून चालणाऱ्या या देवाणघेवाणीतून प्रत्येकाच्या मनात एक निःपक्षपाती प्रेक्षक घडत जातो. आपण काय करतो आहोत हे तो परक्याच्या नजरेने पाहतो. सदसद्विवेक म्हणतात तो हाच. स्मिथने तो आकाशातून उतरवलेला नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांतून तो आत आणला आहे.

मग कल्पनेचा पल्ला संपतो तिथे काय? यासाठी स्मिथने एक प्रसंग कल्पिला आहे. समजा, चीन आपल्या कोट्यवधी माणसांसह भूकंपात गडप झाला. बातमी ऐकून युरोपातला एखादा भला गृहस्थ हळहळेल, जीविताच्या क्षणभंगुरतेवर चार वाक्ये बोलेल, व्यापारावर काय परिणाम होईल याचा अदमास घेईल आणि रात्री निवांत झोपेल. उद्या आपली करंगळी कापली जाणार असे कळले, तर मात्र त्याचा डोळा लागणार नाही. इथवर वाचून स्मिथ माणसाला नीच ठरवतो आहे असे वाटते. तो पुढे विचारतो: करंगळी वाचावी म्हणून हाच गृहस्थ त्या कोट्यवधींचा बळी देईल का? या विचारानेच माणूस शहारतो. मानवजातीवरचे प्रेम इतके बळकट नसते. त्याला अडवतो तो आतला प्रेक्षक, जो बजावतो की तू या जगातल्या असंख्यांपैकी एक आहेस, अधिक कोणी नाहीस.

या प्रेक्षकाचा दुबळेपणाही स्मिथने लपवलेला नाही. सौम्य, आपल्याच बाजूचा बघ्या जवळ असेल आणि तटस्थ बघ्या फार दूर असेल, तेव्हा माणसाची नैतिक जाण सर्वांत लवकर बिघडते, असे तो बजावतो. हे सूत्र लक्षात ठेवून ‘वेल्थ ऑफ नेशन्स’कडे वळावे.

तो ग्रंथ लिहायला सवड मिळाली ती एका उमरावामुळे. बक्लूच्या तरुण ड्यूकला सोबत घेऊन युरोप दाखवायचे काम स्मिथने १७६४ मध्ये पत्करले. वर्षाला तीनशे पौंड आणि पुढे तहहयात तेवढेच निवृत्तिवेतन, हा मोबदला प्राध्यापकीपेक्षा कितीतरी भरघोस होता. ही नेमणूक करणारा, ड्यूकचा सावत्र बाप, म्हणजे चार्ल्स टाउनशेंड. पुढे चहावर आणि इतर मालावर कर बसवून अमेरिकन वसाहतींना चेतवणारा मंत्री तोच. तुलूझमध्ये कंटाळलेल्या स्मिथने ह्यूमला कळवले की वेळ घालवायला मी एक पुस्तक लिहायला घेतले आहे. जिनिव्हात तो व्हॉल्तेरला भेटला, पॅरिसमध्ये केने आणि त्युर्गो या फ्रेंच अर्थचिंतकांशी त्याची चर्चा झाली. १७६६ मध्ये तो परतला आणि पुढची दहा वर्षे, आधी आईच्या घरी किर्ककॉल्डीत आणि नंतर लंडनमध्ये, या ग्रंथात गेली.

टाचण्यांचा कारखाना पहिल्याच प्रकरणात आहे. काम अठरा क्रियांत वाटून घेतल्यावर दहा माणसे दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात. एकेकट्याला वीसही जमल्या नसत्या. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी आलेले उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. एका साध्या मजुराच्या अंगावरचा जाडाभरडा लोकरी कोट घ्या. मेंढपाळ, लोकर निवडणारे, पिंजणारे, रंगारी, सूत काढणारे, विणकर, तो माल वाहणारे, दूरदेशीचा रंग आणणारे खलाशी, खलाशांचे जहाज बांधणारे, मेंढ्या कातरायच्या कात्रीसाठी लोखंड वितळवणारे: यादी संपतच नाही. हजारो माणसे त्या कोटात आहेत आणि मजुराला त्यांपैकी कोणी ठाऊक नाही. माणसाला सदैव असंख्यांची मदत लागते, आणि मैत्री जोडायची म्हटली तर उभ्या आयुष्यात मोजकीच माणसे जोडता येतात. स्मिथचा खाटीक आणि पाववाला या ठिकाणी येतात. त्यांच्या दयेवर आपले जेवण अवलंबून नसते, कारण दयेचा पल्ला तेवढा लांब नाही. ओळख नसलेल्यांमध्ये काम चालू राहावे म्हणून देवघेव आहे. खाटकाने वाईट मांस दिले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. स्पर्धा ही बाजारातल्या परक्या डोळ्यांची जागा घेते.

‘अदृश्य हाता’चे वाक्यही या अंतराच्या संदर्भात वाचण्यासारखे आहे. साऱ्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये हे शब्द एकदाच येतात, चौथ्या भागात, आयातीवरच्या निर्बंधांची चर्चा चालू असताना. परदेशी व्यापारात भांडवल फार काळ नजरेआड राहते, ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्याची पारख नसते, म्हणून व्यापारी आपण होऊन पैसा शक्यतो स्वदेशात गुंतवतो, आणि त्यात देशाचेही हित नकळत साधते. त्यासाठी त्याला जकातींचा धाक लागत नाही. मुद्दा इतकाच आणि एवढाच होता. त्यातून बाजार सदासर्वकाळ सर्वांचे भले करतो असा सिद्धान्त पुढच्यांनी काढला.

आता हिंदुस्थान. ज्या व्यवहारात स्पर्धाही नाही आणि बघणारा शेजारीही नाही, तिथे काय होते? स्मिथपुढे याचे ढळढळीत उदाहरण होते. कंपनीला १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाली, १७७० मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला, १७७२ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. त्या वर्षी कंपनीच्या संचालकांपुढे, उपयोगी पडेल असा माणूस म्हणून स्मिथचे नाव सुचवले गेले होते आणि त्याने त्याबद्दल आभारही मानले होते. त्यातून पुढे काही निघाले नाही. हिंदुस्थान न पाहताच त्याने जे लिहिले ते कंपनीला झोंबणारे होते. अवर्षणाने टंचाई आली असती, पण तांदळाच्या व्यापारावर कंपनीच्या नोकरांनी घातलेल्या बंधनांचा टंचाईचा दुष्काळ करण्यात बहुधा हात होता, असे त्याचे म्हणणे. दुसरीकडे तो खसखशीच्या शेताची हकिगत देतो. धान्यटंचाईचे निमित्त सांगून कोठीचा प्रमुख कुळाला अफूचे उभे पीक नांगरायला लावतो, कारण त्याच्याकडे पडून असलेल्या अफूला भाव चढवायचा असतो. अफूत नफा दिसला की तांदळाचे शेत नांगरून तिथे खसखस पेरायला लावतो.

हे लोक जात्या दुष्ट होते, असे स्मिथ म्हणत नाही. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर तेही फारसे वेगळे वागले नसते. दोष त्यांना जिथे ठेवले त्या स्थितीचा आहे. या राज्यकर्त्यांना पैसा गाठीशी बांधून लवकरात लवकर देश सोडायचा असतो. आणि ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सारा मुलूख भूकंपात गडप झाला तरी त्यांचे काही बिघडत नाही. पहिल्या ग्रंथातला चीनचा भूकंप दुसऱ्या ग्रंथात असा परत येतो. त्या वेळी आतल्या प्रेक्षकाने माणसाला अडवले होते. इथे बघणारे सगळे एकाच लुटीचे वाटेकरी, खरा तटस्थ बघ्या हजारो मैलांवर, आणि त्या बघ्याचाही लोभ सुटलेला: १७८४ च्या तिसऱ्या आवृत्तीत वाढवलेल्या मजकुरात स्मिथ दाखवतो की हजार पौंडांचे भागभांडवल घेणाऱ्याला मत मिळते आणि त्या मतामुळे हिंदुस्थानात कोणाला नेमायचे यात त्याचा शब्द चालतो. प्रजेच्या सुखदुःखाविषयी इतके बेफिकीर राज्यकर्ते दुसरे झाले नाहीत, होऊही शकत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

हे वाचल्यावर स्मिथ व्यापाऱ्यांचा वकील होता हा समज टिकत नाही. एका धंद्यातली माणसे एकत्र जमली की गोष्ट गिऱ्हाइकाविरुद्धच्या कारस्थानावर येते, हे त्याने लिहिले आहे. मालक मजुरी न वाढवण्याचा गुपचूप कट सदैव करून असतात, हेही लिहिले आहे. नफ्यावर जगणाऱ्या वर्गाने सुचवलेला कायदा फार काळ, फार संशयाने तपासावा, असा त्याचा सल्ला आहे. १७७२ मध्ये स्कॉटलंडमधली आयर बँक बुडाली. ज्या ड्यूकला त्याने शिकवले तोच तिचा एक भागीदार होता. यानंतर बँकांच्या नोटांवर कायद्याचे बंधन हवे असे त्याने स्पष्ट म्हटले. आग पसरू नये म्हणून घराघरांत भिंत बांधायची सक्ती असते, तसेच हे, असे त्याचे समर्थन होते. ज्या कामविभागणीचे गुणगान पहिल्या भागात आहे, तीच पाचव्या भागात मजुराच्या बुद्धीची कशी माती करते हे तो सांगतो आणि त्यावर उपाय म्हणून गरिबांच्या मुलांसाठी सरकारी मदतीच्या शाळा मागतो. मृत्यूच्या वर्षी, १७९० मध्ये, ‘मॉरल सेंटिमेंट्स’ची सहावी आवृत्ती निघाली. श्रीमंतांचे कौतुक आणि गरिबांची उपेक्षा करण्याच्या आपल्या प्रवृत्तीने नैतिक जाण सडते, असे एक प्रकरण त्याने त्यात नव्याने घातले. दोन ग्रंथांत दोन स्मिथ आहेत, हा एकोणिसाव्या शतकातल्या काही जर्मन पंडितांचा आक्षेप म्हणूनच टिकला नाही.

त्याच्या मर्यादाही डोळ्याआड करू नयेत. गुलामगिरीचा त्याने धिक्कार केला, गुलामांचे श्रम अखेर महागच पडतात असेही दाखवले. पण ज्या ग्लासगोत त्याचे विचार घडले, तिथे येणारी तंबाखू गुलामांच्याच श्रमावर पिकत होती. आई आणि नात्यातली बहीण जॅनेट डग्लस यांनी त्याचे घर चालवले. घरातले हे श्रम त्याच्या संपत्तीच्या हिशेबात कुठेच नाहीत. वॅट शेजारी असूनही वाफेच्या यंत्राने काय होणार आहे, हे त्याला दिसले नाही. १७७८ मध्ये तो स्वतः स्कॉटलंडच्या जकात मंडळावर बसला. आयातबंदीची यादी वाचल्यावर आपल्या गळपट्ट्यांपासून हातरुमालांपर्यंत बहुतेक सगळे त्या यादीत आहे असे त्याला आढळले आणि त्याने ते जाळून टाकले, असे १७८० च्या एका पत्रात त्याने मिश्कीलपणे कळवले आहे. १७ जुलै १७९० रोजी एडिंबरात तो वारला. त्याआधी काही दिवस जोसेफ ब्लॅक आणि जेम्स हटन या मित्रांकरवी त्याने आपली बहुतेक हस्तलिखिते जाळवली. कायदा आणि राज्य यांवर योजलेला तिसरा ग्रंथ त्यामुळे आपल्याला मिळालाच नाही. विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या व्याख्यानांच्या वह्या पुढे सापडल्या, त्यांवरच त्याची कल्पना करावी लागते.

महाराष्ट्रात नवे अर्थशास्त्र आले ते इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ मधले. पण जे अर्थशास्त्र तोवर इंग्लंडात रूढ झाले होते, ते स्मिथच्या शंका गाळून त्याचे नियम तेवढे घेतलेले होते. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, तेव्हा त्यांचा हल्ला याच गोष्टीवर होता: देश, काळ, समाजस्थिती न पाहता सर्वत्र लागू होणारे नियम अर्थशास्त्रात असू शकत नाहीत. खुल्या व्यापाराच्या नावाखाली शेतीवर ढकलल्या गेलेल्या देशासाठी त्यांनी फ्रीडरिक लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा आधार घेतला. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या वहनाचा हिशेब मांडला, त्यातही देशात पैसा मिळवून तो बाहेर नेणारे अधिकारी केंद्रस्थानी आहेत. रानडे आणि दादाभाई यांच्या शेजारी ठेवून स्मिथचे कंपनीवरचे उतारे वाचले, तर स्मिथ प्रतिपक्षापेक्षा साक्षीदारच जास्त वाटतो. मात्र उपायाच्या बाबतीत त्यांची फारकत खरी आहे. स्मिथला मक्तेदारी मोडली की पुरेसे वाटे. मोडलेला उद्योग उभा करायला राज्याने हात द्यावा लागतो, हे रानड्यांना अनुभवाने कळले होते. हा वाद आजही मिटलेला नाही, आणि मिटलेला आहे असे दाखवणे या पुस्तकाचा हेतू नाही.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने आहे: आधी ‘मॉरल सेंटिमेंट्स’, मग ‘वेल्थ ऑफ नेशन्स’. ज्यांना घाई आहे त्यांनीही हा क्रम मोडू नये. दुसऱ्या ग्रंथात पहिल्या भागाबरोबर पाचवा भाग जरूर वाचावा. टाचण्या मोजून थांबणाऱ्याला त्या बनवणाऱ्या माणसाचे काय झाले ते कळत नाही. धान्यव्यापारावरचे आणि वसाहतींवरचे उतारे लांब आहेत, तपशिलांनी खचाखच आहेत. पण स्मिथची पद्धत त्या तपशिलांतच आहे. कोणत्याही व्यवहाराला तो दोन प्रश्न विचारतो: निर्णय घेणाऱ्याला कोण पाहतो आहे, आणि ज्याच्यावर निर्णय लादला जातो त्याला दुसरीकडे जाता येते का? दोन्हींची उत्तरे नकारार्थी आली की, व्यवहार सरकारचा असो वा व्यापाऱ्याचा, स्मिथ सावध होतो. त्याचे निष्कर्ष वाचकाला पटोत वा न पटोत. हे दोन प्रश्न विचारायची सवय लागली, तर एवढी पाने वाचल्याचे सार्थक झाले असे समजावे.